डोंगरापलीकडचं लांब, समुद्रापलीकडचं जवळ: चीनचा फुजियान प्रांत

१९१० साली चीनच्या फुजियान प्रांताला पहिली रेल्वे मिळाली. लांबी फक्त २८ किलोमीटर. श्यामेन बेटाच्या समोर, मुख्य भूमीवरच्या सुंगयू धक्क्यावरून ती निघायची आणि चांगचौ शहराकडे जाता जाता च्यूलुंग नदीच्या अलीकडेच थांबायची. श्यामेनच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी होडीने खाडी पार करावी लागे. चांगचौला पोचायचं तर शेवटच्या स्टेशनावर उतरून नदी ओलांडायची आणि पुढची वाट वेगळी शोधायची. लोक तिच्याबद्दल म्हणत, पुढे समुद्र ओलांडत नाही, मागे नदी ओलांडत नाही. वीसेक वर्षांत ती बंद पडली.

या रेल्वेसाठी आग्नेय आशियात पोटापाण्याला गेलेल्या गाववाल्यांनी पैसे पाठवले होते. मलाया, जावा, फिलिपिन्सहून पैसा आला, पण त्या पैशाने दोन शेजारची शहरं जोडता आली नाहीत. मला फुजियानचा सगळा भूगोल या २८ किलोमीटरमध्ये दिसतो. हजारो मैलांवरच्या बंदरांशी घट्ट नातं, आणि शेजारच्या गावाला जायचं म्हणजे दिव्य. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी आधी जमीन पाहू.

पाठीशी भिंत

नकाशात तैवान बेटावर बोट ठेवा आणि पश्चिमेला सरकवा. मधली सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी साधारण १३० किलोमीटर आहे. पलीकडचा किनारा फुजियानचा. प्रांताचं क्षेत्रफळ १.२ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण चाळीस टक्के. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४ कोटी १५ लाख भरली. राजधानी फूचौ, आणि बाहेरच्या जगाला जास्त ठाऊक असलेलं शहर श्यामेन, ज्याला जुन्या पुस्तकांत ‘अमॉय’ म्हटलेलं असतं.

या प्रांताचं वर्णन करणारं एक जुनं बोल आहे: आठ वाटे डोंगर, एक वाटा पाणी, एक वाटा शेत. यात अतिशयोक्ती फारशी नाही. ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन डोंगर-टेकड्यांची आहे आणि ६५ टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. चीनच्या प्रांतांत जंगलाचं प्रमाण इथे सर्वात जास्त.

हे डोंगर दोन रांगांत उभे आहेत, आणि दोन्ही रांगा किनाऱ्याला समांतर, ईशान्येकडून नैऋत्येकडे धावतात. पश्चिमेच्या हद्दीवर वूयी पर्वत, ज्याचं सर्वात उंच शिखर, ह्वांगकांग, सुमारे २,१६० मीटर आहे. दुसरी रांग प्रांताच्या मधोमध. समुद्राकडून आत शिरणाऱ्याला एक घाट चढून उतरावा लागतो, मग दरी लागते, आणि मग दुसरा, अधिक उंच घाट. तो ओलांडला की फुजियान संपतो.

आता नद्या बघू, कारण खरी अडचण तिथे आहे. जुन्या काळी चीनमध्ये अवजड माल पाण्यावरून जायचा. यांगत्सी नदी, तिच्या उपनद्या आणि उत्तरेकडे जाणारा मोठा कालवा यांचं एक प्रचंड जाळं होतं. तांदळाची पोती मध्य चीनमधून राजधानीपर्यंत होडीनेच पोचत. फुजियान मात्र या जाळ्याच्या बाहेर राहिला. इथल्या बहुतेक नद्या प्रांतातच उगम पावतात, आडवे येणारे डोंगर कापत खाली येतात आणि प्रांताच्याच किनाऱ्यावर समुद्राला मिळतात. (नैऋत्येची थिंग नदी हा ठळक अपवाद. ती शेजारच्या ग्वांगतुंग प्रांतात उतरते.) सर्वात मोठी नदी मिन. वरच्या अंगाला तिच्या तीन शाखा नानपिंगपाशी एकत्र येतात, आणि तिच्या खोऱ्याने जवळजवळ अर्धा प्रांत व्यापला आहे. एवढी मोठी नदी, पण वूयीच्या पलीकडे होडी नेण्याची सोय तिच्यात नाही. खिंडीत पोचलं की माल माणसाच्या खांद्यावर.

एकेक खोरं मग आपापल्या जगात राहिलं. फूचौची बोली आणि श्यामेनची बोली एकमेकांना कळत नाहीत, हे दोन शहरांमधलं अंतर पाहिलं तर नवल वाटतं. सरळ रेषेत ते अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आतल्या डोंगरात तर लोकांनी अख्ख्या कुळाला पुरतील अशी मातीच्या जाड भिंतींची गोल आणि चौकोनी घरं बांधली. बाहेरून किल्ल्यासारखी बंद, आत चौक आणि मजल्यांवर ओळीने खोल्या. संरक्षणाला कुणी दूरचं धावून येईल, अशी आशा त्या दऱ्यांत नव्हती. यांपैकी ४६ वास्तू २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

किनाऱ्याचं काय? शेवटचं हिमयुग सरलं, समुद्राची पातळी वर आली आणि डोंगरांमधल्या दऱ्यांची तोंडं पाण्याखाली गेली. दऱ्यांच्या खाड्या झाल्या, टेकड्यांची बेटं झाली. कोकणच्या खाड्या पाहिलेल्या माणसाला हे चित्र पटकन डोळ्यांसमोर येईल. फुजियानचा किनारा सरळ मोजला तर ५३५ किलोमीटर, आणि प्रत्येक वळणावरून दोरी फिरवत मोजला तर ३,७५२ किलोमीटर. सातपट! अशा किनाऱ्यावर गलबतांना आडोसा देणारी खोल बंदरं सापडतात. पण त्याच किनाऱ्याने चालत निघालात तर दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते.

म्हणजे आत जायचं तर डोंगर, किनाऱ्याने जायचं तर खाड्या. मोकळी वाट राहिली ती समुद्रातली.

पावसाचे दोन हंगाम

फुजियान साधारण २३.५ ते २८ अंश उत्तर अक्षांशांत येतो. फूचौ जवळपास कानपूरच्या रेषेत आहे. पण हवामान कानपूरसारखं अजिबात नाही. बहुतेक भागांत वर्षाला १,४०० ते २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो आपल्या पावसासारखा जूनमध्ये येऊन सप्टेंबरात निरोप घेत नाही. त्याची दोन वेगवेगळी सत्रं आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं सत्र मार्चपासून सुरू होतं आणि मे-जूनमध्ये भरात येतं. उत्तरेकडची थंड, जड हवा आणि दक्षिण समुद्राकडून येणारी उबदार, ओली हवा या दोन्हींची गाठ दक्षिण चीनवर पडते. थंड हवा जड असल्यामुळे खाली राहते, ओली हवा तिच्या पाठीवरून वर चढते, वर जाऊन गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. दोन्हींचा जोर सारखा असला की ही सीमारेषा जागची हलत नाही आणि पाऊस दिवसेंदिवस रेंगाळतो. अधूनमधून थंड हवा मागे सरते आणि दक्षिणेचा ओला वारा एकदम घरात शिरतो. थंडीने गार झालेल्या फरशांवर आणि भिंतींवर तेव्हा पाणी सुटतं, माठाच्या अंगावर पाझरावं तसं. दक्षिण फुजियानमध्ये वसंतातल्या अशा दिवसांत कपडे वाळत नाहीत आणि लोक खिडक्या घट्ट बंद ठेवतात. पावसाळी दिवसांत खिडक्या उघडायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे उलटं वाटेल. पण तिथे ओल बाहेरून येते.

जूनअखेर प्रशांत महासागरावरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकतो. त्याच्याबरोबर ती सीमारेषाही यांगत्सीकडे जाते. फुजियानवर आभाळ मोकळं होतं आणि उकाडा सुरू होतो. फूचौ डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलंय, त्यामुळे तिथली उष्णता कुप्रसिद्ध आहे. पारा चाळिशीला पोचल्याच्या नोंदी आहेत. अकराव्या शतकात इथे चांग पोयू नावाचा अधिकारी होता. त्याने शहरभर घरोघरी झाडं लावायला लावली. पुढे अशी सावली झाली की उन्हाळ्यात छत्री उघडावी लागत नाही, असं लोक म्हणू लागले. फूचौचं टोपणनाव आजही ‘वडांचं शहर’ असंच आहे. ते झाड वडाच्या कुळातलं, पण आपला वड नव्हे. महाराष्ट्रात आपण ज्याला नांद्रुक म्हणतो, तेच ते.

दुसरं सत्र टायफूनचं, जुलै ते सप्टेंबर. प्रशांत महासागराच्या कोमट पाण्यावर तयार झालेली ही चक्रीवादळं पश्चिमेला येतात, आणि इथे तैवानचा आकार महत्त्वाचा ठरतो. त्या बेटाच्या मधोमध जवळपास चार हजार मीटर उंचीपर्यंत गेलेली पर्वतरांग आहे. वादळ तिच्यावर आदळलं की त्याची घडी विस्कटते, आणि फुजियानपर्यंत येईतो जोर ओसरलेला असतो. धोका मोठा असतो तो बेटाला वळसा घालून येणाऱ्या वादळाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये मेरांटी नावाचं टायफून तैवानच्या दक्षिणेकडून सरकलं आणि १५ तारखेच्या पहाटे थेट श्यामेनवर आलं. शहरातली झाडं हजारोंनी आडवी झाली. आत डोंगरात, युंगछुन इथे, ११४५ साली बांधलेला छपराचा लाकडी पूल पुराने नेला. आठशे सत्तर वर्षं उभी असलेली गोष्ट एका दिवसात गेली, हे वाचताना आजही वाईट वाटतं. गावकऱ्यांनी वाहून गेलेली लाकडं शोधून गोळा केली आणि पूल पुन्हा उभा राहिला. जुलै २०२३ मध्ये डोक्सुरी हे टायफून छ्वानचौ शहराजवळच्या चिनच्यांग इथे किनाऱ्यावर आलं. त्याचे अवशेष उत्तरेला सरकत गेले आणि त्यांनी पेइचिंग (बीजिंग) परिसरात पुराचा हाहाकार माजवला.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाऊस कमी. वूयी पर्वत उत्तरेची थंडी बरीच अडवतो, त्यामुळे फूचौचं जानेवारीतलं सरासरी तापमान अकरा अंशांच्या आसपास असतं. आतल्या उंच दऱ्यांत मात्र दहिवर गोठतं.

एवढा पाऊस पडूनही किनाऱ्याजवळच्या बेटांवर पाण्याची ओरड असते. ढग डोंगराला धडकून रिकामे होतात. सपाट, खडकाळ बेटांवर ते तसेच वरून निघून जातात, आणि जो पाऊस पडतो तो साठायला जागा नसते. श्यामेनसमोरचं किनमेन बेट तैवानच्या कारभाराखाली आहे. १९५८ साली याच बेटावर फुजियानच्या किनाऱ्यावरून तोफांचा मारा सुरू झाला होता. २०१८ पासून त्या बेटाला पिण्याचं पाणी समुद्राखालच्या नळाने फुजियानमधल्या चिनच्यांगहून जातं.

वारा हेच वेळापत्रक

फुजियानमध्ये हवामान आणि वाहतूक हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटतो. डावीकडे फुजियानचे डोंगर, उजवीकडे तैवानचे, दोन्ही ईशान्य-नैऋत्य. मधल्या सामुद्रधुनीत हा वारा सापडतो आणि नरसाळ्यातून जावा तसा वेग घेतो. शिडाच्या जहाजाला दक्षिणेकडे न्यायला याहून चांगला वारा नाही. उन्हाळ्यात वारा उलटा फिरतो आणि जहाजांना घरी आणतो. वर्षातून एकदा जाणं, एकदा येणं. मधले महिने परक्या बंदरात काढायचे.

छ्वानचौ शहर या वेळापत्रकावर मोठं झालं. अरब व्यापारी त्याला ‘झैतून’ म्हणत. मार्को पोलो आणि इब्न बतूता दोघांनीही या बंदराची थोरवी लिहून ठेवली. शहराजवळच्या एका डोंगरावर सुंग राजवटीच्या काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) अधिकाऱ्यांनी खडकात कोरलेले लेख आहेत. जहाजं सुटायच्या आधी सरकारी अधिकारी तिथे जाऊन अनुकूल वाऱ्यासाठी प्रार्थना करत आणि त्याची नोंद दगडावर ठेवत. सरकारला जकातीतून मोठं उत्पन्न होतं, तेव्हा वारा हा खजिन्याचाही प्रश्न होता. १९७४ साली छ्वानचौच्या खाडीच्या गाळातून तेराव्या शतकातलं एक जहाज निघालं. त्याच्या पोटात आडव्या फळ्यांनी पाडलेले तेरा बंद कप्पे होते. एकाला भोक पडलं तरी बाकीचे कोरडे राहावेत, अशी ती रचना. आत मिरी होती, सुगंधी लाकूड होतं.

वाऱ्यासाठी थांबलेल्या लोकांमध्ये आपल्याकडचेही होते. छ्वानचौमध्ये १२८१ चा तमिळ शिलालेख सापडला आहे, शिवमंदिराच्या स्थापनेचा. शहरातल्या खाययुआन बौद्ध विहाराच्या मागच्या सोप्यात जुन्या देवळातून आणलेले खांब आहेत, आणि त्यांवर कृष्णाच्या गोष्टी कोरलेल्या आहेत. पुढे पंधराव्या शतकात चंग ह या चिनी आरमारप्रमुखाच्या प्रचंड ताफ्याने कालिकतकडे निघण्याआधी ईशान्य वाऱ्याची वाट पाहिली ती फूचौजवळच्या छांगलमध्येच. १४३१ चा त्याचा शिलालेख तिथे आहे.

किनाऱ्यावरच्या खाड्यांवर माणसांनी हात चालवला तोही याच काळात. छ्वानचौच्या उत्तरेला लोयांग नदीच्या मुखावर १०५३ ते १०५९ या वर्षांत दगडी पूल झाला. देखरेख होती त्साय श्यांग या अधिकाऱ्याची. भरती-ओहोटीच्या ओढीत, मऊ गाळावर खांब टिकणार कसा? त्यांनी आधी नदीच्या तळाशी आरपार दगडांचा रुंद थर पसरला, म्हणजे ओझं एका जागी न येता वाटलं गेलं. मग त्या दगडांवर कालवं वाढू दिली. कालवं दगडाला कशी घट्ट चिकटतात, हे कोयत्याने ती काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. हजारो कालवांनी सुटे दगड एकमेकांना सांधले. चुना नाही, लोखंड नाही, एका जिवंत प्राण्याने केलेलं बांधकाम! खांबांची तोंडं नावेच्या नाळेसारखी निमुळती ठेवली, म्हणजे पाणी दुभंगून जावं. पुढच्या शतकात, ११३८ ते ११५१ मध्ये, आनपिंगचा पूल झाला, तो दोन किलोमीटरहून लांब. दोन्ही पुलांवरून आजही चालता येतं.

एका पेल्यात मावलेला भूगोल

फूचौचा मोगऱ्याचा चहा मला या प्रांताची सर्वात सुंदर गोष्ट वाटते. मोगरा मूळचा इकडचा. तो समुद्रमार्गाने तिकडे गेला. चिनी भाषेत त्याला ‘मोली’ म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत ‘मल्लिका’वरून आला आहे. मिन नदीकाठच्या उबदार, वाळूमिश्रित जमिनीला मोगरा मानवला. वरच्या धुक्याच्या उतारांवर चहा होताच. दुपारी टपोऱ्या कळ्या खुडायच्या, संध्याकाळी त्या चहाच्या पत्तीत मिसळायच्या. रात्री कळ्या उमलतात आणि कोरडी पत्ती तो वास पिऊन घेते. सकाळी फुलं वेगळी काढायची, पत्ती वाळवायची, दुसऱ्या दिवशी ताज्या कळ्या घेऊन पुन्हा तेच. उत्तम चहासाठी हे बऱ्याच वेळा करतात. खाली दमट खोरं आणि वर गार डोंगर, दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्यामुळेच हे जमतं.

चहाच्या नावातही वाहतूक लपलेली आहे. दक्षिण फुजियानच्या बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि युरोपभर ‘टी’, ‘ते’, ‘टे’ झाला. पोर्तुगीजांचा तळ मकाऊला. तिथला शब्द ‘चा’. आपला ‘चहा’ या दुसऱ्या घराण्यातला.

आता एक गोष्ट जी मुंबईच्या माणसाने जाणून घ्यायला हवी. ब्रिटिशांना चिनी चहा हवा होता आणि त्याची किंमत चुकवायला त्यांनी अफू पुढे केली. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या याच चीन-व्यापारातून उभी राहिली, आणि जे. जे. रुग्णालयासारख्या संस्था त्या संपत्तीतून. तिकडे १८३९ साली अफूचे साठे नष्ट करणारा लिन त्सशू हा फूचौचा सुपुत्र. त्यातून युद्ध झालं, चीन हरला, आणि १८४२ च्या तहाने जी पाच बंदरं परकीयांना खुली करावी लागली, त्यांत फूचौ आणि श्यामेन दोन्ही होती. आपल्या शहराच्या दानशूरपणाचा एक धागा त्या किनाऱ्यावरच्या दुःखात गुंतलेला आहे.

बंदर खुलं झाल्यावर वूयीचा चहा मिन नदीने थेट फूचौला उतरू लागला. १८६६ च्या मे महिन्याच्या अखेरीस तिथून शिडाची जहाजं लंडनकडे शर्यतीने सुटली. ताएपिंग आणि एरियल ही दोन जहाजं ९९ दिवसांनी एकाच भरतीबरोबर थेम्समध्ये शिरली. तीन वर्षांत सुएझ कालवा उघडला आणि आगबोटींनी शिडांची सद्दी संपवली.

रूळ डोंगर ओलांडतात

त्या २८ किलोमीटरच्या रेल्वेनंतर फार काळ काही झालं नाही. १९४९ नंतर फुजियान तैवानसमोरची आघाडी झाला आणि मोठे कारखाने-रस्ते इथे यायला कचरू लागले. पण लष्करालाही रेल्वे हवीच होती. शिवाय श्यामेनजवळच्या चिमेइ गावातले तान का की या रेल्वेचा आग्रह धरून होते. सिंगापूरमध्ये रबराच्या धंद्यात पैसा कमावून त्यांनी १९२१ साली श्यामेन विद्यापीठ उभं केलं होतं. १९५५ साली श्यामेन बेटाला जोडणारा सव्वादोन किलोमीटरचा दगडी बांध पुरा झाला. १९५६ अखेर शेजारच्या च्यांगशी प्रांतातून निघालेले रूळ वूयी पर्वत ओलांडून त्या बांधावरून बेटावर पोचले. सुमारे सातशे किलोमीटरची ही एकेरी, वळणावळणाची लाइन पुढची कित्येक दशकं प्रांताचा आधार होती.

मात्र ती दऱ्यांमधून गेली होती, किनाऱ्याने नव्हे. फूचौहून श्यामेनला रेल्वेने जायचं तर आधी नानपिंगच्या बाजूला डोंगरात चढायचं आणि मोठा वळसा घेऊन पुन्हा समुद्राकडे उतरायचं. शहाणी माणसं बसने जात. किनाऱ्याने सरळ रेल्वे झाली ती एप्रिल २०१० मध्ये. २०१५ च्या जूनमध्ये उत्तरेकडच्या हफेइ शहराहून येणारी जलद रेल्वे वूयीखालून बोगद्यांनी फूचौला आली. २०१८ च्या डिसेंबरात नानपिंग ते लुंगयेन हा दुवा जोडला गेला आणि प्रांताभोवती जलद गाड्यांचं वर्तुळ पुरं झालं.

२८ सप्टेंबर २०२३ ला फूचौ-श्यामेन-चांगचौ ही २७७ किलोमीटरची नवी लाइन सुरू झाली. ताशी ३५० किलोमीटर वेगासाठी बांधलेली. इतक्या वेगाच्या गाडीला तीव्र वळण चालत नाही, म्हणून तिने खाड्यांना वळसा न घालता मेइचौ, छ्वानचौ आणि आनहाय या तिन्ही खाड्या समुद्रावरच्या पुलांनी ओलांडल्या. आनहाय म्हणजे तीच खाडी, जिच्यावर आनपिंगचा दगडी पूल आहे. सर्वात जलद गाडी फूचौहून श्यामेनला ५५ मिनिटांत जाते.

सर्वात कठीण काम मात्र पिंगतान बेटाच्या पुलाचं होतं. सामुद्रधुनीतलं ते नरसाळं आठवा. पिंगतान बरोबर त्याच्या काठावर आहे. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बीफोर्टच्या मापाने सहाहून जास्त जोराचा वारा तिथे वर्षातले तीनशेहून अधिक दिवस असतो. तळाला कठीण खडक, वर खोल पाणी आणि जोरदार प्रवाह. त्या जागी १६.३ किलोमीटरचा दुमजली पूल झाला, वर सहापदरी रस्ता आणि खाली दुहेरी रूळ. रस्ता ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला, रेल्वे डिसेंबरात. वादळी दिवसांत गाड्या चालाव्यात म्हणून कडेला वारा अडवणाऱ्या जाळ्या आहेत. ज्या वाऱ्याने काम अवघड केलं, त्याच्यावर आता वीज होते. २०२३ साली पिंगतानजवळच्या समुद्रात १६ मेगावॅटची एकेक पवनचक्की उभी राहिली. पेइचिंगहून निघणारा जी-३ महामार्ग सध्या याच बेटावर संपतो. चीनच्या सरकारी आराखड्यात त्याची रेषा पुढे तैपेईपर्यंत काढलेली आहे.

श्यामेन बेटासमोरचं सुंगयू आता हायत्सांग भागात येतं. धक्क्याच्या जागी कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन उभ्या आहेत, आणि २०२१ पासून समुद्राखालच्या बोगद्याने मोटारी थेट बेटावर जातात. ऑगस्ट २०१५ मध्ये हायत्सांगच्या मालधक्क्यावरून कंटेनरांची एक गाडी सुटली. ती च्यूलुंग नदीपाशी थांबली नाही. वूयी ओलांडून, मध्य आशिया पार करत ती पोलंडमधल्या वूच शहरात पोचली.